तिरामिसूला एक्स्ट्रा कट

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, तेव्हा मला वाटायचं की एवढे किस्से जगात दुसरीकडे कुठे घडतच नसतील. रिटायर झाले आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत विद्याच्या केक-कॉफीच्या दुकानात काउंटरला बसायला लागले. अकरा महिने झाले. शाळेचे सगळे किस्से पार मागे पडले! आता कुणी भेटलं की मी "अगं, परवा काय झालं" म्हणून सुरू होते आणि समोरच्याचा चहा गार होतो. एक सांगेपर्यंत दुकानात दुसरा घडलेला असतो. लिहून ठेवले नाहीत तर माझंच डोकं फुटेल, म्हणून हा खटाटोप.

दुकानात माणसं आम्ही तीनच. विद्या मालकीण. गडहिंग्लजची, तिशीच्या आतली, इटलीत वर्षभर एका हॉटेलच्या किचनमध्ये राबून आलेली. दुसरे संभाजीमामा. गडमुडशिंगीचे, घरच्या चार म्हशी, जुने पैलवान, कुस्तीत दोन्ही कान मोडलेले, पासष्टी ओलांडलेली. दूध घालायला म्हणून यायचे, ते हळूहळू किचनमध्येच राहिले. विद्याला ते 'विद्याक्का' म्हणतात आणि मला 'मास्तरीणबाई'. तिसरी मी.

आणि आमच्या दुकानाचा हिरो म्हणजे तिरामिसू! कडक कॉफीत भिजवलेली लांबट बिस्किटं, त्यावर अंड्याचं पिवळं आणि साखर घोटून केलेलं सायीचं मऊ क्रीम, परत बिस्किटं, परत क्रीम, आणि वरून कोकोची पूड. फ्रिजमध्ये गार करायचं आणि चौकोन कापून द्यायचा. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला "थांबा जरा" म्हणाले आणि बशी संपवूनच बोलले.

ह्या सगळ्यात दुःख एकच. विद्याचे अप्पा. त्यांचा गडहिंग्लजला गुळाचा व्यापार. घर कडक शाकाहारी. अंड्याचं नाव जरी निघालं तरी विद्याची आई, म्हणजे अव्वा, देवघराचं दार लोटून घेते. दुकानाच्या उद्घाटनाला अप्पा आले नाहीत. फोनवर म्हणाले, "बाळ, तू कर. खरं अंडं फुटतंय तितं माजं पाऊल पडणार न्हाई." त्यांच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात. विद्याने त्यांच्यासाठी एक नवी कोरी स्टीलची बशी आणि चमचा वेगळा काढून ठेवलाय. रोज पुसते. सगळ्या कोल्हापुरानं खाल्लं तरी तिचं समाधान नाही. अप्पांनी एकदा आत यावं आणि एक चमचा खावा, एवढंच त्या पोरीला हवंय.

*

दुकान उघडल्यावरचा दुसरा दिवस. बुलेट लावून एक गृहस्थ आत आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. काचेतून बघत म्हणाले, "ह्ये काय हाय?"

विद्याने उत्साहाने सगळं सांगितलं. इटली, कॉफी, बिस्कीट, क्रीम.

"म्हंजे बिस्कीट कॉफीत बुडवून खायाचं. ते आमी घरात बी खातोय की!"

"खाऊन तर बघा," मी म्हटलं. शाळेतला आवाज लावला की मोठी माणसंही ऐकतात.

त्यांनी पहिला चमचा घेतला. दुसरा घेतला. मग खुर्चीत नीट मांडी घालून बसले. अर्धं संपलं आणि एकदम बशी वर करून किचनच्या दिशेने जोरात म्हणाले, "ओ पावणं! कट वाढा!"

विद्याला काही कळेना. मला कळलं. मिसळ खाताना आपल्याकडे रस्सा संपला की कट मागायचा, आणि तो मिळालाच पाहिजे! गृहस्थांच्या हिशोबाने बिस्कीट राहिलं होतं आणि कॉफी संपली होती.

"अहो, तिरामिसूला कट नसतो!" विद्या रडकुंडीला आली.

"नसतोय म्हंजे? मग हितं कोरडं खायाचं व्हय माणसानं?"

मी गुपचूप किटलीतली काळी कॉफी आणली आणि बशीत ओतली. विद्याने डोळे मिटून घेतले. गृहस्थांनी बशी तोंडाला लावली, स्वच्छ केली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आता जमलं!"

त्या दिवसापासून प्रत्येक टेबलावर कॉफीचा छोटा जग असतो. इटलीतल्या तिच्या शेफला विद्याने त्याचा फोटो पाठवला. त्याने तीन दिवस उत्तर दिलं नाही.

*

क्रीमसाठी मस्कारपोने नावाचं चीज लागतं. ते मुंबईहून इवल्याशा डब्यांतून यायचं आणि येईपर्यंत निम्मं आंबायचं. विद्या वैतागून गेली होती. मामा दुधाची किटली ठेवत म्हणाले, "विद्याक्का, त्ये करत्यात कसं, तेवढं सांगा."

विद्याने सांगितलं. ताजी साय गरम करायची, लिंबाचे थेंब टाकायचे, दाट झाली की फडक्यात बांधून टांगून ठेवायची.

"आन् टांगल्यावर पाणी गळून जातंय. मग ह्यो चक्काच की!"

"चक्का दह्याचा, मामा. हे सायीचं."

"टांगलं म्हंजे चक्का," मामांनी निकाल दिला. म्हशीच्या दुधाची घट्ट साय त्यांच्याकडे रोजचीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी साय तापवली, लिंबू पिळलं, बायकोचंच, म्हणजे काकूंचंच फडकं घेतलं आणि काकूंच्याच खुंटीला बांधून शेताकडे गेले.

तो दिवस होता पाडव्याचा! घरात व्याही जेवायला यायचे होते. काकूंनी खुंटीला गाठोडं बघितलं. त्यांना वाटलं, कधी नव्हे ते नवऱ्याने आपणहून चक्का बांधून ठेवलाय. त्यांनी त्यात साखर घातली, वेलची-केशर घातलं, आजऱ्याचे काजू घातले आणि पुरीबरोबर वाढलं!

संध्याकाळी मामा दुकानात आले ते रिकाम्या हाताने. मान खाली. आम्हाला वाटलं काही अघटित घडलं.

"व्याह्यानं तीन वाट्या खाल्ल्या," ते म्हणाले. "म्हणतोय, पंचवीस वर्सं तुमच्याकडं येतोय, असलं श्रीखंड लपवून का ठेवलंतं?"

काकूंचा निरोप त्यांनी जाता जाता दिला. "ती म्हणतीया, विद्याक्काला सांगा, दसऱ्याला बी इटलीचाच चक्का लागंल."

*

हा छोटासा आहे, पण मला फार आवडतो.

एक आडदांड गृहस्थ. बायको-मुलांना घेऊन आलेले. आल्या आल्या सांगायला लागले की आपण तांबडा रस्सा पाण्यासारखा पितो, डोळ्यांतून टिपूस येत नाही. "असलं गोडगोड आमाला काय करतंय!"

पहिला चमचा तोंडाजवळ नेला आणि नेमका त्याच वेळी दम घेतला. वरची कोकोची पूड सरळ घशात! असा ठसका लागला की विचारू नका. पाणी आणलं, पाठ चोळली, मुलं घाबरली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. पाच मिनिटांनी माणूस भानावर आला. रुमालाने तोंड पुसलं, बशीकडे आदराने बघितलं आणि म्हणाला, "आता कसं कोल्हापूरचं वाटलं!"

*

नावाचा प्रश्न रोजचा. विद्या कंटाळत नाही. 'तिरा' म्हणजे ओढ, 'मि' म्हणजे मला, 'सु' म्हणजे वर. मला वर ओढ! मरगळ आलेल्या माणसाला हे खाल्लं की तरतरी यावी, म्हणून हे नाव. मूळ नाव तिकडच्या उत्तरेकडच्या बोलीत होतं, मग ते पुस्तकी इटालियनमध्ये घासूनपुसून घेतलं.

"कुणी काढलं पहिल्यांदा?" एका रविवारी दोन मित्रांनी विचारलं. दोघंही वकील.

विद्या म्हणाली, "तिथेच तर भांडण आहे! एक शहर म्हणतं, आमच्या खानावळीत झालं. मालकीणबाई बाळंत झाली होती, अशक्त होती. घरातल्यांनी तिला पिवळं आणि साखर घोटून दिलं, तिकडे आजाऱ्याला तेच देतात. तिला एवढी उभारी आली की नंतर तिने आचाऱ्याला हाताशी धरून त्याचा गोड पदार्थ केला. शेजारचा भाग म्हणतो, छे, आमच्याकडे आधीपासून होतं. तिसरा म्हणतो, आचाऱ्याच्या हातून चीज चुकून अंडी-साखरेच्या भांड्यात पडलं, तिथून सुरुवात."

चौथी एक गोष्ट आहे, ती विद्या मोठ्या माणसांसमोर सांगत नाही. मीही सांगणार नाही.

"आणि हे सगळं फार जुनं नाही हं," ती म्हणाली. "आपले मामा ह्या पदार्थापेक्षा वयाने मोठे असतील."

"व्हय?" मामा किचनमधून ओरडले. "मग पाया पड म्हणावं की त्याला!"

वकिलांचं तिकडे लक्षच नव्हतं. एक म्हणाला, खानावळीचा दावा खरा. दुसरा म्हणाला, शेजाऱ्यांचा खरा, कारण पहिल्याकडे लेखी काय आहे? अर्धा तास! टेबल बडवून! शेजारच्या टेबलावरच्या दोन बायकाही त्यात पडल्या. मी सुद्धा बाळंतिणीच्या बाजूने बोलले, कारण बाळंतपणात बाईच्या अंगात किती त्राण उरतं ते पुरुषांना काय कळणार!

शेवटी कोपऱ्यात शांतपणे खात बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी हात वर केला. 

"मला येवढंच सांगा," आजोबा म्हणाले. "त्यातल्या कुणाच्या बोर्डावर 'आमची कुठंही शाखा नाही' असं लिवलंय?"

विद्या म्हणाली, बहुधा कुणाच्याच नाही.

"मग सगळी डुप्लिकेट!" आजोबा म्हणाले आणि काठी घेऊन निघून गेले.

*

नावाचा अर्थ गावभर झाला आणि लोक औषधासारखं तिरामिसू न्यायला लागले. कुणाच्या मुलाचे मार्क कमी आले, न्या तिरामिसू. कुणाचं लग्न मोडलं, न्या तिरामिसू. एका बाईंनी तर म्हैस आटली म्हणून नवऱ्यासाठी नेलं.

पण त्या दिवशीची गोष्ट वेगळीच. जवळच्याच एका गावात ग्रामपंचायतीचा निकाल लागला होता. दुपारी दुकानासमोर दोन जीप थांबल्या. बारा माणसं उतरली. सगळ्यांची तोंडं पडलेली. पुढचा मामांच्या ओळखीचा होता.

"मामा, आमचं अख्खं पॅनेल पडलं," तो म्हणाला. "ते वर वडणारं काय हाय, ते बारा द्या."

बारा जण ओळीने बसले.  नुसते चमच्यांचे आवाज. मला तर इतकं वाईट वाटलं की मी न मागता सगळ्यांना कट वाढला. खाऊन झालं तेव्हा चेहरे जरा खुलले होते. एकजण तर हसला सुद्धा.

ते गेले आणि अर्ध्या तासात पाच जीप आल्या! गुलालाने लाल झालेली माणसं, गळ्यात हार. मी आधी धावत जाऊन विद्याच्या पांढऱ्या भिंतीजवळच्या खुर्च्या पुढे ओढल्या.

"त्यांनी किती खाल्लं?" नव्या सरपंचानं विचारलं.

"बारा," मी म्हटलं.

"आमाला पंचवीस!"

मामा मधे पडले. "आरं, ते पडल्यावर खायाचं असतंय! तुमी तर निवडून आलाय की!"

सरपंचानं खुर्ची ओढली, गुलालाचा हात मांडीला पुसला आणि म्हणाला, "असू दे की मामा! पुढल्या वेळचं आत्ताच खाऊन ठिवतो!"

*

आता अंड्याचा किस्सा, कारण आमचं सगळं घोडं तिथेच अडलेलं.

विद्या दोन ट्रे करते. एक अस्सल, अंड्याचा. दुसरा बिनअंड्याचा, नुसत्या क्रीमचा. भांडी वेगळी, चमचे वेगळे. अस्सल ट्रेवर मामांनी तांबडं फडकं बांधलं, दुसऱ्यावर पांढरं. आता गिऱ्हाइकं सरळ "दोन तांबडे, एक पांढरा" अशीच ऑर्डर देतात. नवीन माणसाला वाटतं आम्ही मटणाची खानावळ चालवतो.

वारांचं गणित मला महिन्याभरात पाठ झालं. सोमवारी पांढरा. गुरुवारी पांढरा. शनिवारी पांढरा. बुधवार, शुक्रवार, रविवार म्हणजे मटणाचे वार, त्या दिवशी तांबड्यावर उड्या!

एका सोमवारी एक वहिनी आल्या. काचेजवळ उभ्या राहून तांबड्याकडे नुसतं बघत होत्या. म्हटलं, "पांढरा देऊ का?"

"नको बाई, त्याला ती मजा न्हाय. माझा सोमवार हाय. उद्या चालतंय मला."

"मग उद्या या."

"उद्या संपलं तर? असं करा, आज माझ्या नावानं एक कापून ठेवा."

ठेवलं. तर त्यांच्या मागची बाई म्हणाली, माझंही ठेवा. संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये उपासवाल्यांची अठरा तिरामिसू, प्रत्येकावर चिठ्ठी! मंगळवारी सकाळी शटर उघडलं तर दारात अठरा बायका उभ्या. त्यातली पहिली मला बघून म्हणाली, "बाई, पहाटे पाचलाच येणार होते, पण म्हटलं बरं दिसत न्हाय!"

*

विद्या दर शनिवारी पांढऱ्यातलं एक तिरामिसू स्टीलच्या डब्यात भरून गडहिंग्लजच्या एसटीने पाठवते. कंडक्टर ओळखीचा. डबा बर्फात, बर्फ पिशवीत. तरी दोन तासांच्या रस्त्याने डब्यातल्या थरांचं काय होत असेल ते देव जाणे.

अप्पा खात नाहीत. "बिनअंड्याचं असंल, खरं दुकान अंड्याचंच न्हवं?" त्यांचा हिशोब पक्का. तिरामिसू शेजारच्या पोरांच्या पोटात जातं.

पण डबा कधी रिकामा परत येत नाही. माहेरचा डबा, तो रिकामा कसा पाठवायचा! कधी गुळाची ढेप फोडून त्यातला खडा, कधी शेंगा, कधी काजू. विद्या झाकण उघडते, आधी हसते, मग किचनमध्ये जाऊन पाच मिनिटं काहीतरी उगाच धूत बसते. मी त्या वेळी आत जात नाही. 

परवा तिने फोन लावला. स्पीकरवर.

"अव्वा, खाल्लं का अप्पांनी?"

"न्हाई ग," अव्वा म्हणाली. "झाकण काढून बघितले. वास घेतले. परत झाकले."

विद्याचा चेहरा उतरला.

"खरं एक सांगू काय," अव्वा पुढे म्हणाली. "लगीन झाल्यापासून ह्या माणसानं घरातला चमचा कधी धुतला न्हाई. तुजा डबा मातर आपणच घासतेत. मला हात लावू देत न्हाईत!"

*

आणि आता गेल्या बुधवारची गोष्ट.

अकराचा सुमार. बुधवार म्हणजे तांबड्याचा वार, विद्या किचनमध्ये क्रीम करत होती. दारासमोर एक गाडी थांबली. मागच्या दारातून काळी टोपी, धोतर आणि मग एक सत्तरीचा उंच माणूस उतरला. मी फोटो बघितला होता, लगेच ओळखलं. माझ्या हातातली बशी पडायचीच बाकी होती.

"विद्या!" मी ओरडले. "अप्पा!"

अव्वाचे डोळे तपासायला ते कोल्हापूरला आले होते. दवाखाना आमच्याच रस्त्याला. अव्वाने लेकीला बघायचा हट्ट धरला असणार; अप्पांच्या मागून तीही उतरली. विद्या धावत बाहेर आली, दोघांच्या पाया पडली. अव्वाने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, "किती वाळलीस ग" म्हणाली. मी फुटपाथवर खुर्ची टाकली, अव्वा तिथे बसली. आत यायचं नाव नाही. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे काळा चष्मा.

अप्पा पायरीपाशी उभे. आत बघतायत, पाटी बघतायत, काच बघतायत. पाऊल काही उचलत नाहीत. विद्या त्यांच्याकडे बघायचंही टाळत होती, पण तिचा जीव नुसता वर-खाली होत होता. शेवटी अप्पा घसा खाकरून म्हणाले, "हात धुवायला कुठं मिळंल?"

हात धुवायची जागा किचनच्या दाराला लागून. दुसरीकडे नाही! मी मनातल्या मनात त्या प्लंबरला दुवा दिला.

अप्पांनी चपला पायरीवर काढल्या आणि आत आले. अकरा महिन्यांनी! विद्या घाईघाईने किचनमध्ये परत गेली, कारण गॅसवर पाणी उकळत होतं आणि त्यावरच्या भांड्यात सहा पिवळी होती. ती घोटायला लागली.  घाबरल्यावर माणसाचं होतं तसं तिचं सगळं चुकायला लागलं. क्रीम फुलेना. कडेला गुठळ्या धरू लागल्या. मामा शेजारी उभे.

अप्पा हात पुसत दारात थांबले. भांड्यात बघितलं. मला वाटलं, झालं, आता उलट्या पावली जाणार.

"फाटालंय ते," अप्पा म्हणाले.

विद्याने मान वर केली.

"फ्रिजमधनं काडल्या काडल्या फोडलीस न्हवं? गार पिवळं गरमावर धरलं की फाटतंय. आदी खाली उतर. साखरंत घोट. रंग पांढरट येईस्तवर घोट, मग उबंला धर."

मामांनी गॅस बारीक केला. 

विद्याने भांडं खाली उतरवलं आणि नव्याने सहा अंडी फोडली. घोटायला सुरुवात केली. अप्पा बघत राहिले. मग मान हलवली, पुढे झाले, तिच्या हातातून घोटणी काढून घेतली आणि भांडं कमरेला टेकवून स्वतः घोटायला लागले! काय तो हात! मनगट तेवढं फिरतंय, खांदा हलत नाही. दोन मिनिटांत पिवळ्याचा रंग बदलला, फेस वर आला.

मामा त्या मनगटाकडे बघत होते. मग अप्पांच्या मानेकडे बघितलं, खांद्यांकडे बघितलं. टोपीखालच्या मोडलेल्या कानाकडे बघितलं. एकदम त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्यासारखं हसू आलं.

"अप्पा," ते हळूच म्हणाले, "शिकायला कोल्हापुरात हुता न्हवं?"

"चार वर्सं," अप्पा म्हणाले. घोटणं चालूच.

"ऱ्हायला तालमीत?"

अप्पांनी दाराकडे एक नजर टाकली.

"दिवसाला किती फोडत हुता?"

"सहा," अप्पा म्हणाले. "परीक्षेच्या वक्ताला चार."

 विद्याने फ्रिज उघडला. पांढऱ्या फडक्याचा ट्रे बाहेर काढला, ती नवी कोरी बशी पुसली. म्हणाली, "अप्पा, तुमच्यासाठी बिनअंड्याचं वेगळं ठेवलंय."

अप्पांनी पांढऱ्या ट्रेकडे बघितलं. मग त्याच्या मागे, फ्रिजमध्ये राहिलेल्या तांबड्या ट्रेकडे बघितलं. घोटणी भांड्यात ठेवली. दारातून वाकून बाहेर डोकावले, फुटपाथवरच्या खुर्चीत अव्वा काळा चष्मा लावून घरून आणलेली कॉफी पीत होती.

अप्पा लेकीच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आदी तुज्या अव्वाला गाडीत बसवून ये जा."